वाटेचा धनी कोण?

घरांतलें कोणी परदेशीं जावयास निघालें म्हणजे वडील मंडळींच्या तोंडीं पहिला प्रश्न असतो तो त्या देशाच्या हवापाण्याचा; आणि दुसरा, थोडा हळू आवाजांत विचारलेला, चोराचिलटांचा. तो मुलूख कसा आहे? रात्रीं-अपरात्रीं फिरण्यासारखा आहे ना? पैसाअडका जवळ बाळगतां येतो ना? या प्रश्नांना उत्तर देणारें कोणी ना कोणी शेजारींपाजारीं भेटतेंच. कोणाचा भाचा तेथें दोन वर्षें सुखरूप राहिलेला असतो, तर कोणाच्या जावयाचें पाकीट उतरल्या दिवशींच मारलें गेलेलें असतें. पहिल्याच्या मतें तो देश म्हणजे देवाची आळंदी. दुसऱ्याच्या मतें चोराची. एका माणसाच्या नशिबावरून सबंध राष्ट्राची पारख करण्याची ही खोड आजची नाहीं; प्रवासवर्णनें लिहिलीं जाऊं लागलीं तेव्हांपासूनची ती आहे.

शाळेंतल्या इतिहासाच्या पुस्तकांतून तिचा एक नमुना पिढ्यान् पिढ्या शिकविला जात आला आहे. चिनी यात्रेकरू फाहियान हा इ. स. ३९९ मध्यें स्वदेशांतून निघाला व गुप्तांच्या अमदानींत उत्तर हिंदुस्थानांत अनेक वर्षें हिंडला. मध्यदेशांत लोकांना आपलीं घरेंदारें सरकारदरबारीं नोंदवावीं लागत नाहींत, ज्याला जावयाचें तो जातो, राहावयाचें तो राहतो, असें त्यानें कौतुकानें लिहून ठेविलें. वाटेंत लुटला गेल्याचें मात्र लिहिलें नाहीं. त्याच्यामागून सव्वादोनशें वर्षांनीं, हर्षाच्या काळीं, ह्युएनत्संग आला. त्याला साकल नगराच्या पूर्वेस पळसाच्या रानांत पन्नासएक चोरांनीं गांठून नागविलें. आणि पुढें अयोध्येहून गंगेंतून जात असतां नदीवरच्या लुटारूंनीं त्याला धरून दुर्गेपुढें बळी देण्याची सिद्धता केली. वादळ सुटलें, लुटारू भ्याले, म्हणून तो वांचला. यावरून विद्यार्थी जो निष्कर्ष घोकतो तो ठरलेला आहे: गुप्तांचें राज्य सुरक्षित, हर्षाचें असुरक्षित.

हा निष्कर्ष खोटाच असेल असें नाहीं. पण तो दोन माणसांच्या अनुभवावर उभा आहे, आणि त्यांच्याच हकीकतींतल्या दुसऱ्या गोष्टी तो गाळतो. ह्युएनत्संगाच्या जिवावर पहिला प्रसंग आला तो हिंदुस्थानांत नव्हे, स्वतःच्या मायदेशाच्या वेशीवर. सरहद्द ओलांडण्यास बादशहाची मनाई असतां तो गुपचूप निघाला होता. ज्या वाटाड्याच्या भरंवशावर तो निघाला तोच रात्रीं हातांत सुरी घेऊन त्याच्याकडे सरकूं लागला. आणि पाण्यासाठीं पहाऱ्याच्या बुरुजाजवळ जातांच वरून बाण आले. उलट पळसाच्या रानांतून निसटल्यावर त्याला भेटला तो शेत नांगरणारा एक ब्राह्मण. हकीकत कळतांच त्यानें औत सोडलें, शंख फुंकला, नगारा वाजविला. ऐंशीएक गांवकरी हत्यारें घेऊन धांवले आणि चोर रानांत पसार झाले. लुटणारेही त्याच देशाचे आणि शंख फुंकणाराही त्याच देशाचा. मग देशाचा स्वभाव यांपैकीं कोणता म्हणावयाचा?

फाहियानाचीही एक गोष्ट अशीच विचार करण्याजोगी आहे. परतीच्या समुद्रप्रवासांत मोठें वादळ झालें. बरोबरच्या कांहीं प्रवाशांनीं ठरविलें कीं, हें अरिष्ट या भिक्षूमुळेंच ओढवलें, तेव्हां त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावें. फाहियानाचा पाठीराखा एक प्रवासी पुढें झाला व त्यानें बजावलें कीं, चीनचा राजा बुद्धाचा भक्त आहे. तेथें पोहोंचतांच हें कृत्य त्याच्या कानांवर घालीन. सगळे गप्प बसले. भर समुद्रांत, जेथें ना गांव ना चौकी, तेथें त्या भिक्षूचे प्राण वांचले ते केवळ कोणाच्या सज्जनपणानें नव्हे. पुढें कोणी तरी जाब विचारील, या धाकानें. सगळ्या विषयाची किल्ली या लहानशा प्रसंगांत आहे. परक्या मुलुखांत प्रवासी किती सुरक्षित, हें तेथले लोक चांगले कीं वाईट यावर फार थोडें अवलंबून असतें. त्याला कांहीं झालें तर जाब कोणाला द्यावा लागेल, वाटेचा धनी कोण, यावर तें अवलंबून असतें.

देशोदेशींच्या सुरक्षिततेची तुलना करण्यास इब्न बतूताइतका अधिकारी साक्षीदार जुन्या काळांत दुसरा मिळणें कठीण. मोरोक्कोंतील तांजीर गांवाहून तो १३२५ मध्यें निघाला आणि त्यानें आपली प्रवासकथा सांगून लिहवून पुरी केली ती १३५५ मध्यें. मधल्या तीस वर्षांत तो आफ्रिका, अरबस्थान, मध्य आशिया, हिंदुस्थान, सिंहलद्वीप व चीन इतका मुलूख हिंडला. हिंदुस्थानांत त्याचे हाल झाले. मुलतानाहून दिल्लीस येतांना अबोहरापुढील माळावर लुटारूंशीं झुंज झाली. पुढें १३४२ मध्यें महंमद तुघलकाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला, तों आजच्या अलीगडाजवळ, तेव्हांच्या कोइल परगण्यांत, सोबत्यांपासून तुटून लुटारूंच्या हातीं सांपडला. कित्येक दिवस अन्नपाण्यावांचून रानोमाळ भटकल्यावर एका अनोळखी माणसानें त्याला पाणी पाजलें व खांद्यावर घेऊन वस्तीपर्यंत पोहोंचविलें. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर, होनावराच्या दक्षिणेस, समुद्रावरील चांचांनीं त्याचें गलबत घेरलें आणि सिंहलद्वीपांत मिळालेल्या रत्नांसकट अंगावरील कपडेसुद्धां उतरवून घेतले. राहिली ती एक विजार.

हाच माणूस चीनविषयीं लिहितो कीं, प्रवाशाला जगांत याहून निर्भय देश नाहीं. मोठें द्रव्य बरोबर घेऊन एकट्यानें नऊ महिन्यांची वाट चालावी, भीति म्हणून नाहीं. आणि तो कारणही सांगतो. प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणीं एक सराई असे व तिच्यावर शिबंदीसह एक अधिकारी असे. सूर्यास्तानंतर तो आपल्या कारकुनाला घेऊन येई, उतरलेल्या प्रत्येक प्रवाशाचें नांव लिहून घेई, त्यावर शिक्का करी आणि दरवाजाला कुलूप घाली. सकाळीं पुनः येऊन एकेकाला नांवानें हांक मारी; मग पुढल्या मुक्कामापर्यंत सोबत माणूस देई, आणि सर्व प्रवासी सुखरूप पोहोंचल्याची तेथल्या अधिकाऱ्याची पावती त्या माणसानें परत आणावी लागे. न आणली तर जबाबदारी पाठविणाऱ्याची. व्यापाऱ्याचें द्रव्य ज्याच्याकडे ठेवावयाचें, त्यानें तुटीची भरपाई करावयाची. इतकेंच नव्हे, तर परक्या पाहुण्यांचीं चित्रेंही चित्रकार त्यांच्या नकळत काढून ठेवीत. हेतु हा कीं, कोणी गुन्हा करून पळाला तर तें चित्र गांवोगांव धाडतां यावें.

पुढें १३५२-५३ मध्यें तो आफ्रिकेंतील माली राज्यांत गेला. तेथल्या कित्येक चालीरीती त्याला रुचल्या नाहींत व त्या त्यानें झोडून काढल्या आहेत. परंतु सुरक्षिततेबाबत त्याची साक्ष स्वच्छ आहे. वाटसरूला किंवा गांवकऱ्याला तेथें चोराचें वा जुलमाचें भय नाहीं. आणि उत्तरेकडून आलेला परदेशी मनुष्य त्या मुलुखांत मेला तर त्याच्या मालमत्तेला कोणी हात लावीत नाहीं, खऱ्या वारसाच्या हातीं पडेपर्यंत ती त्याच्याच लोकांपैकीं एका विश्वासू माणसाकडे ठेवतात. ज्या समाजाच्या रीतीभाती प्रवाशाला नापसंत, त्याच समाजांत तो निर्धास्त झोंपला. आवडनिवड व सुरक्षितता या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें त्या अरबी पंडितानें नकळत सिद्ध केलें.

त्याच सुमारास फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीचा गुमास्ता पेगोलोत्ती यानें व्यापाऱ्यांसाठीं एक मार्गदर्शक ग्रंथ तयार केला. डॉन नदीच्या मुखाजवळील ताना बंदराहून चीनपर्यंतची वाट तो स्वतः चालला नव्हता; जाऊन आलेल्यांना विचारून त्यानें लिहिलें. दाढी वाढवावी, दुभाषा स्वस्त पाहूं नये, चांगला घ्यावा, अशा बारीकसारीक सूचना देऊन तो म्हणतो कीं, ही वाट रात्रंदिवस निर्धोक आहे. त्यांतल्या त्यांत ताना ते सराय हा टप्पा जरा वाईट, पण साठएक माणसांचा तांडा असला तर तेथेंही स्वतःच्या घरांत असल्याप्रमाणें जातां येतें. मात्र दोन अपवाद तो नमूद करतो. व्यापारी वाटेंत मेला तर त्याचा माल त्या मुलुखाचा सरदार ताब्यांत घेतो. बरोबर भाऊ, किंवा भाऊ म्हणविणारा सोबती, असला तरच तो सुटतो. आणि एक खान मरून दुसरा गादीवर बसेपर्यंतच्या काळांत परक्यांवर कांहीं वेळां अत्याचार झालेले आहेत. वाट तीच, डोंगर तेच, लोक तेच. पण गादी रिकामी पडली कीं जाब विचारणारा नाहींसा होतो आणि कालपर्यंतची निर्धोक वाट आज वाटमारीची होते. मंगोल सत्ता मोडल्यावर त्या मार्गाचें नेमकें हेंच झालें.

चोरापेक्षां अधिकारी भारी, असाही अनुभव परदेशी प्रवाशाच्या वांट्याला येतो. ट्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६८ च्या सुमारास घरून निघाला. व्होल्गा नदीवर आस्ट्राखानाजवळ तातारांनीं त्याला लुटलें. पुढें कास्पियन समुद्रावर बरोबरचें दुसरें गलबत फुटलें व त्यावरील माणसें किनाऱ्यावरच्या टोळीनें धरून नेलीं. रिकाम्या हातीं परत जाण्याची सोय नाहीं म्हणून तो इराणमार्गें होर्मुझला आला आणि एक घोडा घेऊन कोंकणांत चौलास उतरला. तेथून घाट चढून जुन्नरला आला व पावसाळा त्यानें तेथेंच काढला. एवढ्या वाटेंत त्याला कोणी लुटलें नाहीं. परक्याला उतरण्यास धर्मशाळा आहेत व तेथें स्वयंपाक करून मिळतो, असें तो लिहितो. पण जुन्नरचा अधिकारी असद खान यानें त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलें, मुसलमान झालास तर घोडा परत व वर हजार मोहरा. नाहीं तर घोडाही गेला आणि तुझ्याकडून हजार मोहरांचा दंडही घेईन. मुदत चार दिवसांची. खुरासानांतून आलेल्या एका वजनदार गृहस्थानें रदबदली केली म्हणून धर्मही वांचला आणि घोडाही परत मिळाला. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणापाशीं मागावी, याचें हें उदाहरण. आणि त्याच बहामनी राज्याच्या राजधानींत, बेदर येथें, कोतवालाचे हजार स्वार हातांत मशाली घेऊन रात्रभर गस्त घालीत, हेंही निकितिनानेंच लिहून ठेविलें आहे. राजधानींत मशाली आणि आडबाजूच्या ठाण्यांत मनमानी, राज्य एकच.

आतां वाटेचा धनी ठरविण्याचे उपाय निरनिराळ्या राष्ट्रांनीं कसे योजिले तें पाहिलें, तर एक चमत्कारिक साम्य दिसून येतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची प्रत विसाव्या शतकाच्या आरंभीं म्हैसुरांत उजेडांत आली आणि शामशास्त्र्यांनीं ती १९०९ मध्यें छापली. त्यांत नियम असा आहे कीं, सार्थवाहानें गांवांत मुक्काम करतांना आपल्या मालाची किंमत आधीं सांगावी. मग तो माल रात्रीं चोरीस गेला तर ग्रामप्रमुखानें भरून द्यावा. दोन गांवांच्या मधल्या वाटेवर गेला तर गायरानांच्या अधिकाऱ्यानें, गायरानही नसेल तेथें चोर पकडण्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यानें, आणि तोही नसेल तेथें शिवेवरच्या गांवांनीं. वाटेचा एक हातभर तुकडासुद्धां बेवारशी ठेवलेला नाहीं. धर्मशाळेच्या चालकानें कोण उतरलें याची वर्दी द्यावी, हाही नियम आहेच.

इंग्लंडांत १२८५ मध्यें पहिल्या एडवर्ड राजानें विंचेस्टरचा कायदा केला. त्याचें तत्त्व हेंच. वाटमारी झाली आणि ठरावीक मुदतींत चोर हजर केले नाहींत, तर त्या तालुक्यांतील रहिवाशांनीं नुकसान भरून द्यावें. एका बाजारपेठेकडून दुसऱ्या पेठेकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस दोनदोनशें फूट झाडझुडूप तोडून टाकावें, म्हणजे चोराला दबा धरण्यास जागा राहणार नाहीं. मोठे वृक्ष तेवढे ठेवावे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शहरांच्या वेशी बंद असाव्या, आणि परक्याला थारा देणारानें त्याच्याबद्दल जबाबदार राहावें.

मोगलाईंत हीच जबाबदारी फौजदारावर असे. व्हेनिसचा मनुची, ज्यानें आपलें बहुतेक आयुष्य हिंदुस्थानांत घालविलें, तो लिहितो कीं, दिवसाउजेडीं प्रवासी लुटला गेला तर फौजदारानें भरपाई करावी. रात्रीं लुटला गेला तर दोष प्रवाशाचा, त्यानें वेळेवर मुक्काम कां केला नाहीं? आश्चर्य असें कीं, इंग्लिश न्यायालयांनींही सोळाव्या शतकांत हाच निवाडा दिला होता: तालुक्याची जबाबदारी उजेड असेपर्यंतच. पुढें १६७७ च्या कायद्यानें आणखी एक अट घातली. रविवारीं प्रवास करणारा लुटला गेला तर त्याला भरपाई नाहीं. देवाच्या वारीं घरीं बसावयाचें सोडून तो बाहेर पडलाच कां? दिल्ली व लंडन यांच्यामध्यें सात समुद्र. पण जबाबदारी कोठें संपते, हें ठरवितांना दोन्हीकडचे शहाणे एकाच रेषेवर आले.

महाराष्ट्रांतील व्यवस्था एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत वर्णिली आहे. गांवचा जागल्या, मग तो रामोशी असो, भिल्ल असो कीं महार असो, चोरीला जबाबदार. चोराच्या पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई, आणि माग पलीकडे गेला असें शेजारच्या जागल्याला पटवून दिलें कीं याची सुटका होई. मग माग पुढें नेण्याचें काम दुसऱ्याचें. शेवटीं ज्या गांवांत माग हरपे त्या गांवावर भरपाई पडे. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाला धुळींतलें पाऊल पुस्तकासारखें वाचतां येई, आणि परक्या व्यापाऱ्याची ठेव अखेर त्याच्या डोळ्यांच्या भरंवशावर असे.

परंतु या व्यवस्थेची किंमत कोण देत होतें, हेंही सांगितलें पाहिजे. नाहीं तर जुन्या काळाचे नुसते गोडवे गाइल्यासारखें होईल. चोर पळून जाई आणि दंड भरावयाचा तो ज्यानें चोरी पाहिलीही नाहीं अशा कुणब्यानें. चोर सोडून संन्याशाला सूळ, या म्हणीचा तो कायदेशीर अवतारच होता. भरपाईचा बोजा टाळण्यासाठीं अधिकारी काय करीत, याची एक गोष्ट फ्रेंच प्रवासी तेव्हेनो यानें सुरतेंतली सांगितली आहे. एका आर्मेनियन व्यापाऱ्याचें बरेंच सोनें चोरीस गेलें. कोतवालावर भरपाईची पाळी आली, तेव्हां त्यानें सुभेदाराकडे परवानगी मागितली कीं, खरोखरच इतकी रक्कम गेली कीं काय हें कळण्यासाठीं फिर्यादीलाच यातना देऊन विचारूं द्यावें. परवानगी मिळाली. व्यापाऱ्यानें तें ऐकतांच फिर्याद सोडून दिली. आणि जागल्याचें वतन बुडालें म्हणजे काय होतें तेंही महाराष्ट्रानें पाहिलें. पुरंदरच्या रखवालीचे वंशपरंपरेचे हक्क गेल्यावर उमाजी नाईक व त्यांचे साथीदार बंडास उभे राहिले. नाईकांस १८३२ मध्यें पुण्यास फांशी देण्यांत आलें. ज्या हातांनीं वाट राखावयाची त्यांची भाकर काढून घेतली, तर ते हात वाट अडवितात. तरीही सरकारनें १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींच्या कपाळीं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्यें. दोष व्यवस्थेचा, शिक्षा जातीला, हा अन्याय इतका दीर्घकाळ चालला.

दुसरी किंमत स्वातंत्र्याची. फाहियानानें ज्याचें कौतुक केलें, ती नांव न नोंदवितां जाण्यायेण्याची मोकळीक. आणि इब्न बतूतानें ज्याचें कौतुक केलें, तें प्रत्येक रात्रीं नांव नोंदवून बाहेरून घातलेलें कुलूप. दोघेही प्रवाशाच्या सुखाचीच गोष्ट सांगतात, पण दोन्ही सुखें एका घरांत सहसा नांदत नाहींत. चोराला जाऊं न देणारें कुलूप साधूलाही जाऊं देत नाहीं. देशादेशांची तुलना करतांना कोणी काय देऊन काय घेतलें, हें विचारल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

जमिनीवर गांव असतो, शीव असते; समुद्राला शीव नाहीं. तेथें धनी कोण, हा प्रश्न १६९५ च्या सप्टेंबरांत मोठ्या भयंकर रीतीनें पुढें आला. मक्केहून यात्रेकरू व व्यापारी घेऊन सुरतेस परतणारें गंज-इ-सवाई हें बादशाही जहाज एव्हरी नांवाच्या इंग्लिश चांच्यानें लुटलें. खाफी खान लिहितो कीं, जहाजावर बावन्न लाखांचें सोनें-रुपें होतें. आणि अब्रूवर घाला येतांच कित्येक स्त्रियांनीं समुद्रांत उड्या घेतल्या. औरंगजेबानें जाब विचारला तो एव्हरीला नव्हे, कारण तो हातीं लागणारा नव्हता. विचारला तो इंग्लिश कंपनीला. सुरतेच्या वखारींतील इंग्रजांच्या पायांत बेड्या पडल्या व ते कित्येक महिने कैदेंत राहिले. हे कारकून निरपराध होते. पण त्यांच्या बेड्यांमुळेंच यात्रेकरूंच्या जहाजांना युरोपीय कंपन्यांचीं लढाऊ जहाजें सोबतीला मिळूं लागलीं, आणि एव्हरीच्या शिरावर इंग्लंडांत बक्षीस लागलें. तो स्वतः कधींच सांपडला नाहीं. त्याचे कांहीं खलाशी १६९६ मध्यें लंडनला फांशी गेले.

चांगला कायदा पुस्तकांत असला म्हणजे काम झालें, असेंही नाहीं. विंचेस्टरचा कायदा जिवंत असतांनाच, १७४९ मध्यें, खुद्द लंडनच्या हाइड पार्कांत हॉरेस वॉल्पोल या माजी मुख्य प्रधानाच्या मुलाला घोडेस्वार लुटारूंनीं अडविलें. पिस्तुलाची गोळी त्याचा गाल चाटून गेली. शेतीभातीच्या तालुक्यासाठीं केलेली जबाबदारी लाखों अनोळखी माणसांच्या शहराला लागू पडेनाशी झाली होती. १७६३ मध्यें जॉन फील्डिंग या न्यायाधीशानें सरकारी पैशानें घोडेस्वारांची गस्त सुरू केली. वाटमारी कमी झाली. पैसा थांबतांच गस्त बंद पडली आणि लुटारू परतले. १८०५ मध्यें गस्त पुनः सुरू झाली. १८२७ मध्यें वाटमारीबद्दल तालुक्यानें भरपाई करण्याचा साडेपांचशें वर्षांचा नियम रद्द झाला, आणि १८२९ मध्यें लंडनची पगारी पोलीस उभी राहिली. येथें एक मोठें स्थित्यंतर झालें, तें सहसा लक्षांत येत नाहीं. वाटेचा धनी बदलला: गांव जाऊन सरकार आलें. निरपराध कुणब्याचा दंड सुटला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर लुटलेल्याची भरपाईही सुटली. आज परदेशांत पाकीट गेलेल्या प्रवाशाला पोलीसचौकींत मिळतो तो एक कागद. तो कागद दाखवून विमा कंपनीकडून पैसे मागावयाचे. आणि त्या विम्याचा हप्ता आधींच भरलेला असतो तो त्यानें स्वतःच.

जुनी व्यवस्था नव्या पोशाखांत अजून हिंडतेच. पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्टाची सक्ती सार्वत्रिक झाली व १९२० च्या पॅरिस परिषदेनें त्याच्या पुस्तिकेचा नमुना सुचविला. त्यांतलें छायाचित्र म्हणजे चिनी चित्रकाराच्या चित्राचाच वंशज. भारतांत परदेशी पाहुणा उतरला तर हॉटेलवाल्याला त्याची वर्दी सरकारांत द्यावी लागते. धर्मशाळेविषयींचा कौटिल्याचा नियम याहून निराळा नव्हता. १९६३ च्या व्हिएन्ना करारानें परदेशीं अटक झालेल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या वकिलातीला कळविण्याचा हक्क दिला. निकितिनाला तो खुरासानी गृहस्थ दैवानें भेटला होता, आतां तसा एक माणूस कायद्यानें नेमून दिला आहे.

देशादेशांची तुलना करण्याला आतां आंकडेही मिळतात. अमेरिकेचें परराष्ट्र खातें २०१८ पासून जगांतील देशांना सुरक्षिततेच्या चार पायऱ्यांवर बसवीत आलें आहे. पण आंकड्यांच्या मागेंही वाटेचा धनी पाहावा लागतो. स्वीडनमध्यें एकाच स्त्रीवर वारंवार झालेला अत्याचार प्रत्येक वेळचा निराळा गुन्हा म्हणून मोजतात. भारतांत एका फिर्यादींत अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत भारी तेवढा मोजतात. जेथें चौकी विश्वासाची, तेथें लोक फिर्याद देतात व आंकडा फुगतो. जेथें सुरतेच्या कोतवालासारखा अधिकारी बसलेला असतो, तेथें लोक तोंड मिटून घरीं जातात व कागदोपत्रीं देश निर्मळ दिसतो. शिवाय प्रवाशाचें भय पुष्कळदा भलत्याच ठिकाणीं असतें. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०२१ मध्यें जगांत सुमारें ४ लाख ५८ हजार माणसांचे खून झाले; त्याच वर्षीं रस्त्यांवरील अपघातांत सुमारें ११ लाख ९० हजार माणसें मेलीं. परक्या शहरांत दरवडेखोराच्या भीतीनें कमरेला पट्टा बांधून निघालेला पाहुणा रस्ता ओलांडतांना मात्र उलट्या दिशेकडे पाहत असतो.

तेव्हां घरांतलें माणूस परदेशीं जावयास निघालें असतां तो देश चांगला आहे का, हें विचारून भागणार नाहीं. चांगलीं माणसें व वाईट माणसें यांची वांटणी परमेश्वरानें नकाशाच्या रेषांवरून केलेली नाहीं. विचारावयाचें तें असें: तेथें रात्रीं रस्त्यावर हांक मारली तर ऐकणारा कोण? लुबाडलें तर फिर्याद लिहून घेणारा कोण, आणि ती लिहून घेतल्याबद्दल त्याला जाब विचारणारा कोण? जबाबदार माणसानेंच लुबाडलें तर त्याच्यावर कोण? आणि हेच प्रश्न आपल्या गांवीं उतरलेल्या परक्या वाटसरूच्या वतीनें स्वतःलाही विचारावे. त्या नांगर धरणाऱ्या ब्राह्मणाचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. कोइलच्या रानांत पाणी पाजणाऱ्याचा थांगपत्ता इब्न बतूतालाही पुढें लागला नाहीं. कायदे, चौक्या, पावत्या व पासपोर्ट यांची एवढी मोठी रचना माणसानें उभारली ती अशीं माणसें प्रत्येक वाटेवर भेटतीलच अशी खात्री नसते म्हणून. पण ती रचना कोठें अपुरी पडली, तर शेवटीं परक्याला वांचविणारा असतो तो शंख ऐकून धांवत येणारा गांवकरीच.